मित्रांबरोबर चोर्ला घाट: लांब पल्ल्याच्या सायकल टूरची तयारी, चढ आणि उतार

चोर्ला घाटात सायकलने पहिल्यांदा गेलो तेव्हा गोव्यातल्या फोंड्याहून आम्ही सहा जण निघालो होतो. घाटमाथ्यावर चारच पोचलो. राहिलेल्या दोघांपैकी एकाच्या मांड्या घाटाच्या पायथ्याच्या केरीच्या आधीच भरून आल्या होत्या आणि दुसरा त्याच्या सोबतीला थांबला होता. हे आम्हाला वर पोचल्यावर, पाऊण तास वाट पाहून, फोनला रेंज आली तेव्हा कळलं. कुणी आजारी नव्हतं, कुणाची सायकल मोडली नव्हती. कुणी कुठे थांबायचं, कुणासाठी थांबायचं, कुणाला जमलं नाही तर काय करायचं, यातलं काहीच आम्ही निघण्यापूर्वी बोललो नव्हतो. त्यानंतर दर हिवाळ्यात आम्ही घाटाची एक आयोजित टूर तरी करतोच, आणि अजून कुणी मागे हरवलेलं नाही. ते कसं जमवतो ते इथे लिहितो. ज्यांना सलग चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल चालवायची सवय आहे, पण घाट आणि शंभरचा आकडा अजून गाठायचा आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

आधी रस्ता वाचा

गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. त्यामुळे इथे लांब काही नाहीच असं वाटतं. पण आपला रस्ता सपाट कुठे असतो? एक टेकडी, मग शेत, मग नदी, पूल, पुन्हा टेकडी. फोंडा, उसगाव, होंडा, साखळी, केरी आणि मग घाट, असा आमचा नेहमीचा मार्ग आहे. जाऊन-येऊन शंभर-एकशेदहा किलोमीटर. चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे, आणि साखळी वाळवंटी नदीच्या काठावर, म्हणजे जवळजवळ समुद्राच्याच पातळीला. ही उंची सगळ्यांच्या लक्षात असते. लक्षात राहत नाहीत ते उसगाव ते साखळी मधले छोटे छोटे चढ. दोनशे-तीनशे मीटरचा चढ माणूस जोशात उभा राहून मारतो, आणि असे पंधरा-वीस चढ झाले की घाटासाठी पाय उरत नाहीत. आमच्या त्या मित्राचं नेमकं हेच झालं होतं.

म्हणून आयोजकांनी पाठवलेला मार्ग नुसता नकाशावर पाहू नका, त्याचा उंचीचा आलेख उघडून बघा. मोठा चढ कितव्या किलोमीटरला सुरू होतो आणि त्याच्या आधी किती लहान चढ आहेत, हे कागदावर लिहा. मोले-अनमोड घाटात चढ सलग आहे, पण राष्ट्रीय महामार्ग असल्याने ट्रक सतत अंगावर येतात. काणकोणच्या वाटेवरचा करमल घाट उंचीला लहान, पण वळणांवर रस्ता अरुंद आणि वाहतूक दाट. पहिल्याच मोठ्या टूरसाठी मला चोर्ला बरा वाटतो. रविवारी सकाळी लवकर गेलं तर गाड्या कमी असतात आणि झाडांची सावली मिळते.

नाव नोंदवताना ही टूर कोणत्या जातीची आहे तेही विचारा. काहींमध्ये मागून गाडी येते, पाण्याचे थांबे असतात, वाट चुकू नये म्हणून खुणा केलेल्या असतात. ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, मात्र वेगळी. २०० किलोमीटरच्या ब्रेवेला साडेतेरा तासांची मुदत असते आणि सगळी मदत आपली आपणच करायची असते. मागून गाडी येईल या भरवशावर एकच ट्यूब घेऊन ब्रेवेला जाणारा माणूस दुपारी रस्त्याच्या कडेला बसलेला सापडतो.

निघण्याआधी ठरवायच्या गोष्टी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका हाच लोक टाळतात, कारण मित्रांमध्ये नियम करायला संकोच वाटतो. आम्ही आदल्या रविवारी चहाला बसतो आणि तोंडाने सगळं ठरवतो.

पहिलं: सपाट रस्त्यावर एकत्र, घाटात प्रत्येक जण आपल्या चालीने. घाटात दुसऱ्याच्या वेगाने चढणं हा दोघांनाही त्रास आहे. जो जोरात आहे त्याला हळू चालवताना तोल सांभाळावा लागतो, आणि जो हळू आहे तो ओढला जातो. चढ वेगवेगळे चढायचे, पण एकत्र व्हायच्या जागा आधी ठरवायच्या. आमच्या जागा तीन: साखळीत बाजाराच्या पुढे, केरीला चढ सुरू होण्याआधी अंजुणे धरणाच्या बाजूला, आणि माथ्यावर. या तीन ठिकाणी शेवटचा माणूस येईपर्यंत कुणी हलत नाही, आणि शेवटचा आल्यावरसुद्धा पाच मिनिटं जास्त थांबतो. ही पाच मिनिटं विसरू नका. पुढचे सगळे तासभर बसून ताजेतवाने झालेले असतात. शेवटचा धापा टाकत येतो आणि तो आला की सगळे उठून सायकलवर बसतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही.

दुसरं: शेवटचा गडी कोण? सगळ्यात मागे राहणारा माणूस आम्ही आधी नेमतो, आणि तो ग्रुपमधला दमदार, शांत स्वभावाचा असावा लागतो. त्याच्याकडे पंप, औषधाचा डबा आणि चार्ज केलेला फोन. तो कुणालाही ओलांडत नाही. आमच्यात हे काम एका शाळामास्तर मित्राकडे आहे. चढावर तो माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहे, पण गेल्या तीन टूरमध्ये तो माथ्यावर सगळ्यात शेवटी पोचला आहे.

तिसरं: परत फिरायची वेळ. ‘अमुक वाजेपर्यंत केरी सोडली नाही तर घाट नाही’ असं घड्याळाचं वाक्य ठरवून टाका. आमच्यासाठी ते साडेनऊ आहे. आणि कुणी परत फिरला तर त्याच्यासोबत कोण जाणार, त्याचं नावही त्याच बैठकीत ठरतं. हे आधी ठरलं की परत फिरणाऱ्याला आपण कुणाचा दिवस वाया घालवला असं वाटत नाही.

चवथ आटोपली की सराव

डिसेंबर-जानेवारीतल्या टूरसाठी चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, लगेच सुरुवात केली तर बारा-तेरा आठवडे हाताशी राहतात, आणि तेवढे पुरतात. आठवड्यात तीन दिवस सायकल: दोन दिवस तासाभराचे, रविवारी लांब. रविवारचं अंतर पन्नासपासून सुरू करून दर आठवड्याला आठ-दहा किलोमीटरने वाढवा आणि चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करा. टूरच्या दोन आठवडे आधी नव्वदएक किलोमीटर झाले की बस. शेवटचा आठवडा हलका ठेवा. त्या आठवड्यात केलेल्या मेहनतीचा फायदा टूरच्या दिवशी मिळत नाही, थकवा मात्र मिळतो.

घाट रोज कुठून आणायचा? फोंड्याच्या लोकांना फर्मागुडीचा चढ आहे. तो चार-पाच वेळा वर-खाली करा, कंटाळा येईल, पण पायांना त्यातूनच शिकायला मिळतं. पणजीकरांना आल्तिनो आहे. सासष्टी-केप्याकडच्यांनी पारोड्याच्या चंद्रनाथ पर्वतावर जावं. साधारण साडेतीनशे मीटर उंची आहे आणि रस्ता खडा आहे. तो बसून, न थांबता चढता आला तर चोर्ल्याच्या चढाची भीती बाळगायचं कारण नाही, कारण चोर्ल्याचा चढ लांब आहे, खडा नाही.

सरावात आणखी दोन गोष्टी शिकायच्या: एकामागून एक चालणं आणि चालत्या सायकलवर खाणं. पुढच्याच्या आडोशाने चालवलं की वारा कमी लागतो आणि सपाटीवर पुष्कळ जोर वाचतो. अंतर सुरुवातीला एक सायकलभर ठेवा. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधीही नेऊ नका. तो जरासा बाजूला झाला की आपण आडवे. खड्डा दिसला की पुढच्याने हाताने दाखवायचा आणि ओरडायचंही, आणि ते ओरडणं शेवटपर्यंत एकेकाने मागे पोचवायचं. मागून बस आली की शेवटचा गडी ‘गाडी!’ म्हणतो आणि सगळे एका रांगेत येतात. आमच्या रस्त्यावर गुरं बसलेली असतात, कुत्री अंगावर येतात, खाणपट्ट्यात तांबडी माती आणि बारीक खडी कडेला पसरलेली असते. हे सगळं फक्त पुढच्याला दिसतं. त्यामुळे पुढचा म्हणजे सगळ्या रांगेचे डोळे.

सायकल: गियरचा हिशोब

नवीन माणसं टायर, चष्मा, जर्सी यांवर पैसे घालतात आणि गियरकडे पाहत नाहीत. घाटात गियरच तारतात. साधा हिशोब करून बघा. पुढे ३४ दातांची चकती आणि मागे सगळ्यात मोठी ३४ दातांची असेल तर पॅडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा, म्हणजे सुमारे २.१ मीटर. मिनिटाला ७० फेरे मारले तर वेग तासाला साधारण ९ किलोमीटर. सहा टक्क्यांच्या चढावर हा वेग बहुतेक सराव केलेल्या माणसाला तासभर टिकवता येतो. मागे सगळ्यात मोठी चकती २५ दातांची असेल तर त्याच ७० फेऱ्यांना वेग जवळजवळ १२ किलोमीटर होतो आणि जोर एक-तृतीयांशाहून जास्त वाढतो. तेवढा जोर नसला की फेरे पन्नासवर येतात आणि गुडघे दुखू लागतात. म्हणून मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, सगळ्यात मोठी चकती ३२ किंवा ३४ दातांची असलेली करून घ्या. मात्र मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) तेवढी मोठी चकती घेतो का, हे मेकॅनिकला आधी विचारा.

टूरच्या दहा दिवस आधी चेन मापून घ्या, ताणली असेल तर बदला. ब्रेक पॅड बघा, वायर बघा. दुरुस्ती आदल्या दिवशी करू नका. नवी वायर दोन-चार राइडमध्ये थोडी ढिली पडते आणि गियर उड्या मारू लागतात, ते सरावातच निस्तरलेलं बरं. हवा ठणठणीत भरायची सवय सोडा. २८ मिलिमीटरच्या टायरला सत्तर किलोच्या माणसासाठी ७० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरतं. जास्त हवेने सायकल खडबडीत रस्त्यावर उडते आणि उतारावर पकड जाते.

सामान ग्रुपमध्ये वाटून घ्या, पण ट्यूब वाटायच्या नाहीत. प्रत्येकाकडे आपल्या मापाच्या आणि आपल्याच व्हॉल्व्हच्या दोन. वाटेतल्या गावात सायकलचं दुकान मिळतं, पण तिथे बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब असेलच असं नाही. पंप दोन, पान्यांचा संच दोन, चेन तोडायचं हत्यार एक, आणि चेन जोडायची कडी प्रत्येकाच्या चेनच्या मापाची. दहा गियरची कडी अकरा गियरच्या चेनला नीट बसत नाही. पंक्चर काढायचा सराव घरी अंगणात करा, तोही मागच्या चाकाचा, आणि दहा मिनिटांत जमेपर्यंत. वापरलेली ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवून काटा शोधायचा. तो न शोधता नवी ट्यूब घातली की पाचव्या मिनिटाला तीही बसते.

खाणं: पेजेपासून खाज्यापर्यंत

आदल्या रात्री घरचं जेवण. उकड्या तांदळाचा भात, हुमण (माशांची आमटी) जरा कमी तिखट, आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त भात. हॉटेलचं तेलकट नको. सकाळी सहाला निघायचं असेल तर साडेचारला पेज. मी बाजारातली महागडी पाकिटं खाऊन बघितली आहेत, आणि तरीही सांगतो की लांब सायकलिंगच्या सकाळी उकड्या तांदळाच्या पेजेसारखं काही नाही. त्यात पाणी आहे, मीठ आहे, भात आहे, पोटाला जड होत नाही आणि दोन तास भूक लागत नाही. सोबत लोणच्याची फोड. ज्याला पेज आवडत नाही त्याने नाचणीचं तिजन (पातळ खीर) घ्यावं.

सायकलवर तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत, आणि ती पहिल्या तासापासून. भूक लागल्यावर खायला घेतलं तर उशीर झालेला असतो. मग अचानक पाय रिकामे होतात, चिडचिड होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. मध्यम केळ्यात पंचवीसएक ग्रॅम मिळतात. आपली साळदाटी केळी यासाठी उत्तम, कारण साल जाड असल्याने खिशात चेंगरत नाहीत. चिक्की, खजूर, आणि जत्रेतलं खाजं. खाज्यात बेसन आणि गूळ असतो, आल्याने तोंडाला चव येते, आणि उन्हात वितळत नाही. हातमोजे चिकट होतात एवढंच. दर वीस मिनिटांनी एक घास, असा घड्याळाचा गजर लावा. चढावर चावायला श्वास पुरत नाही, म्हणून केरीला थांबल्यावर नीट खाऊन घ्या.

पाण्याचं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा दहा वाजल्यानंतर हवा दमट आणि उष्ण असते, घाम वाळत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. पण नुसतं साधं पाणी दिवसभर ढोसणं चांगलं नाही, घामातून मीठ जातं तेही भरायला हवं. दोन बाटल्या असतील तर एकीत साधं पाणी आणि दुसरीत ओआरएस. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असतं, ते अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून घेऊ नका. परतीच्या वाटेवर शहाळं मिळालं तर थांबा.

टूरचा दिवस

डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्यामुळे सहाला निघणाऱ्याला पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा हवाच. हेल्मेटवर चर्चा नको. मार्ग फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, घाटात रेंज येते-जाते.

पहिले दोन तास स्वतःला आवरायचे. सोबत्याशी सलग दोन वाक्यं बोलता येतील एवढाच जोर. त्या छोट्या चढांवर उभं राहायचं नाही, गियर हलका करून बसूनच जायचं. सुरुवातीला बाकीचे ग्रुप तुम्हाला ओलांडून जातील, जाऊ द्या.

वेळेचा हिशोबही इथेच बिघडतो. चालवताना कुणी फार मागे पडत नाही, थांब्यांवर पडतं. पाच थांबे आणि प्रत्येकी ‘दोन मिनिटं’ म्हणता म्हणता बारा मिनिटं, म्हणजे एक तास गेला. पाणी भरायचं, खायचं, लघवी, दोर-पट्ट्या, सगळं एकाच थांब्यात उरकायचं.

केरी सोडली की चढ. पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू, आपल्याला शक्य आहे त्याहून हळू. हात हँडलच्या वरच्या भागावर, खांदे सैल, श्वास पोटातून. गियर बदलताना अर्धा फेरा जोर कमी करा, नाहीतर चेन कडकड वाजते आणि कधी उतरतेही. डावीकडचं वळण आतून खडं असतं. ते टाळायला रस्त्याच्या मध्यावर जाऊ नका, वरून येणारी बस वळणावर पूर्ण रस्ता घेते. वळणाच्या आधीच एक गियर हलका करा. दर दहा मिनिटांनी वीस-तीस फेरे उभं राहून मारले की पाठ आणि बूड मोकळं होतं. थांबायचं झालं तर वळणावर नाही, सरळ रस्त्यावर रुंद कडा बघून. सायकल हातात धरून चालत गेलं तरी चालतं. आम्ही सगळे कधी ना कधी चाललो आहोत.

छातीत दुखणं, डाव्या हातात कळ, चक्कर, किंवा उन्हात अंगावर काटा येऊन घाम बंद होणं, यांपैकी काहीही झालं तर टूर तिथेच संपली. सावली, ओलं फडकं, आणि १०८. चाळिशी ओलांडलेल्यांनी नोंदणीच्या आधी डॉक्टरांना भेटून घ्यावं.

माथ्यावर ठरलेल्या जागी एकत्र. घामाने भिजलेल्या अंगाला तिथला वारा थंड लागतो, म्हणून पातळ जाकीट खिशात हवं. फोटो काढा, खा, आणि उतरण्याआधी ब्रेक आणि चाकांच्या कड्या तपासा.

उतार

चढाची भीती सगळ्यांना असते. धोका मात्र उतारात असतो, आणि मी पाहिलेल्या सगळ्या पडझडी उतारातच झाल्या आहेत. आम्ही अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने एकेकाला सोडतो, म्हणजे कुणी कुणाच्या मागे लागत नाही आणि पुढचा घसरला तर मागच्याला थांबायला वाव राहतो. पुढे कोण, हे वेगावर नाही, संयमावर ठरवा.

ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. दोन्ही ब्रेक दाबून वेग उतरवायचा आणि सोडायचे. सतत घासत ठेवले तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. डिस्क ब्रेक असला तरी डिस्कही तापते. हात खालच्या वाकड्या भागावर, तिथून ब्रेकवर पकड चांगली बसते. वळताना बाहेरचा पाय खाली, नजर खड्ड्यावर नाही, जिथे जायचं तिथे. सावलीतल्या वळणांवर दव, ओला पाला आणि ऑक्टोबरपर्यंत शेवाळ असतं. माकडं अचानक उड्या घेतात. बोटं आखडली तर थांबून झटका.

खाली केरीला पुन्हा मोजणी. इथून घरापर्यंतचे छोटे चढ सकाळपेक्षा मोठे वाटतात आणि ऊन डोक्यावर असतं. आम्ही साखळीजवळ विठ्ठलापूरला देवळाच्या सावलीत वीस मिनिटं बसतो, डोक्यावर पाणी ओततो, गाड्यावर भाजी-पाव खातो. सगळ्यात दमलेल्याला रांगेत दुसरा ठेवा, शेवटचा नाही. पुढच्याचा आडोसा त्याला मिळतो आणि वेगही त्याच्याच्याने ठरतो.

घरी पोचल्यावर अर्ध्या तासात भात-डाळ किंवा अंडी-पाव, भरपूर पाणी, आणि चेनवरची तांबडी माती त्याच संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून तेल. माती रात्रभर राहिली की चेन घासून खाते. आमच्या ग्रुपवर शेवटी प्रत्येकाने ‘घरी पोचलो’ एवढाच निरोप टाकायचा असतो. शेवटचा निरोप आला की मास्तर आपला फोन खाली ठेवतात.